जप्ती आणि जाबता

पेपर उघडला की हल्ली आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा शब्द भेटतोच. अमक्या उद्योगपतीची इतक्या कोटींची मालमत्ता जप्त, थकबाकीदाराच्या गाळ्यावर पालिकेची जप्ती, वाळूचा ट्रॅक्टर जप्त. रोज दिसणारा शब्द असल्यामुळे आपण त्याच्याकडे बघतही नाही. पण हाच शब्द घराच्या पत्त्यावर आलेल्या लिफाफ्यातून बाहेर पडला की हातपाय गार पडतात.

मागच्या महिन्यात नात्यातल्या एकाचा फोन आला. (नाव लिहीत नाही. नातेवाईक वाचतात हे पान!) धंदा बसला, हप्ते थकले, बँकेची नोटीस आली. बोलता बोलता एकदम म्हणाला, "दादा, म्हणजे आता सगळंच नेणार का रे? आईची भांडीकुंडीसुद्धा?" पन्नाशीचा माणूस, पण आवाज शाळकरी पोरासारखा झाला होता. त्याला फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण मनाचं समाधान होईना. मग सवयीप्रमाणे शब्दाच्या शेपटीला धरून मागे मागे गेलो. त्या प्रवासात जे हाती लागलं ते इथे मांडतोय. लेख जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी शब्दच बघू. जप्तीचा 'जप' किंवा 'जपणे' याच्याशी काही संबंध नाही, कानाला तसं वाटलं तरी. मूळ अरबी 'ज़ब्त'. फारशीतून आपल्याकडे आला आणि 'ब'चा 'प' झाला, कारण 'ब'ला लागून 'त' आला की आपल्या तोंडात तो आपोआप 'प'सारखा वाजतो. ('ज़ब्त' पटकन पाचदा म्हणून बघा.) त्या अरबी धातूचा अर्थ घट्ट धरून ठेवणे, आवरणे, ताब्यात ठेवणे. हिरावून घेणे हा त्याचा पहिला अर्थ नाही, ही गंमत लक्षात ठेवा. उर्दू गझलेत 'ज़ब्त' येतो तो डोळ्यांतलं पाणी आवरून धरण्यासाठी, संयम या अर्थाने. आणि आखाती देशांत नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींनी तिथल्या पोलीस किंवा लष्करी अधिकाऱ्याला 'दाबित' म्हणतात हे ऐकलं असेल. तोच धातू. दाबित म्हणजे आवर घालणारा, ताब्यात ठेवणारा.

हिंदीत जप्तीला 'कुर्की' असाही एक शब्द आहे, तो तुर्की घराण्यातला. इंग्रजीतल्या 'कॉन्फिस्केट'च्या पोटात लॅटिन 'फिस्कस' आहे. फिस्कस म्हणजे मुळात टोपली, पैसे ठेवायची. पुढे त्याचा अर्थ सरकारी खजिना झाला. म्हणजे कॉन्फिस्केट करणे म्हणजे सरकारच्या टोपलीत टाकणे! आपला 'सरकारजमा' अगदी तसाच. आणि कोर्टातली आपली नेहमीची जप्ती म्हणजे 'अटॅचमेंट'. ईमेलला जोडतात तीच. माल अजून तुमचाच असतो, पण त्याला कोर्टाचा आदेश चिकटलेला असतो. विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही. 'टाच आणणे' हा आपल्या बातमीदारांचा आवडता शब्दप्रयोग. मालावर कुणीतरी पाय रोवून उभं आहे असं चित्रच डोळ्यांसमोर येतं.

हा फरक महत्त्वाचा आहे. सरकारजमा म्हणजे मालकी गेली. जप्ती म्हणजे हलवायला मनाई, पुढे लिलाव व्हायचा असेल तर होईल. आपल्या बोलण्यात दोन्ही एकच होऊन जातात आणि त्यामुळे माणूस नको तितका घाबरतो.

आता इतिहासाकडे. अकबराच्या काळात 'ज़ब्त' हे चक्क एका सारा-पद्धतीचं नाव होतं. तोडरमलाच्या देखरेखीखाली जमिनी मोजल्या गेल्या. आधी मोजणीला तागाची दोरी असे, ती भिजली की आखडायची, म्हणून बांबूच्या काठ्या लोखंडी कड्यांनी जोडून साखळी केली. १५८० मध्ये दहा वर्षांच्या पिकांची आणि भावांची सरासरी काढून रोख दर ठरवले. लाहोरपासून अलाहाबादपर्यंतचा सलग मुलूख या पद्धतीखाली होता. तिथल्या शेतकऱ्याला ज़ब्ती म्हटल्यावर घरात घुसणारे शिपाई आठवत नसणार, जमीन मोजून ठरलेला दर आठवत असणार. सरकारने काय घ्यायचं ते आधी मोजून ठरवायचं, ही त्यामागची कल्पना. (अंमलदार त्याप्रमाणे वागत होते का, हा प्रश्न वेगळा.)

याच धातूतून दुसरा शब्द निघाला, 'ज़ाबिता'. म्हणजे नियम. मराठीत त्याचा 'जाबता' झाला. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांनी कोणती कामं करायची हे ठरवून देणारा जो कागद आहे, त्याचं नाव 'कानुजाबता'. उत्तर हिंदुस्थानात दिवाणी आणि फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांना उर्दूत 'ज़ाब्ता दीवानी' आणि 'ज़ाब्ता फ़ौजदारी' म्हणत आले. म्हणजे जप्ती आणि जाबता हे सख्खे भाऊबहीण. एकाच मुळातून माल धरून ठेवण्याचा शब्द निघाला आणि धरणाऱ्याचा हात बांधण्याचाही.

हे कळल्यावर मला जप्तीचा सगळा इतिहास वेगळाच दिसायला लागला. काय काय जप्त केलं याच्या याद्या सगळीकडे सापडतात. पण प्रत्येक काळाने 'हे मात्र न्यायचं नाही' असं कशाला म्हटलं, ती यादी जास्त बोलकी आहे.

ही यादी फार जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारात 'अनुवाद' नावाचं पुस्तक आहे. त्यात सांगितलंय की कर्जापोटी कुणाचं जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचं जगणंच गहाण घेण्यासारखं आहे. गरिबाचं पांघरूण घेतलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करावं. आणि सावकाराने गहाण वस्तू आणायला ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभं राहावं. पुढे १२१५ च्या मॅग्ना कार्टात असं आलं की दंड करताना व्यापाऱ्याचा माल आणि कुळाची शेतीची साधनं राखून ठेवावीत. घरी जातं असलेल्या आपल्या लोकांना यातलं मर्म वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्याकडे ही यादी यायला मात्र मोठी किंमत मोजावी लागली. १८५९ मध्ये दिवाणी कार्यपद्धतीचा पहिला एकत्रित कायदा आला. त्याच वर्षी मुदतीचा कायदाही आला. कर्जरोखा तीन वर्षांत वसूल करायचा, नाहीतर दावा बुडाला. हेतू कुळाचं भलं करण्याचा असेल, पण झालं उलटं. सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज मिळून नवा रोखा लिहून घ्यायला लागले. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाला सोन्याचा भाव आला, कर्ज सहज मिळालं. यादवी संपली, भाव कोसळले आणि वर साऱ्याची फेरआकारणी वाढीव आली. समन्स कुणाला मिळालं, कुणाला नाही. मिळालं तरी तालुक्याला जाऊन इंग्रजी धर्तीच्या कोर्टात उभं राहायचं कसं? एकतर्फी हुकूमनामे होत गेले आणि मागोमाग जप्त्या.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. शाळेच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. विशेष हे की माणसं मारण्यावर लोकांचा रोख नव्हता. त्यांना हवे होते कागद. रोखे, हुकूमनामे, खतं. ते हाती आले की रस्त्यात होळी करायची. सावकाराने कागद मुकाट दिले तिथे बहुतेक ठिकाणी फारशी मारहाण झाली नाही. माल उचलण्याचा अधिकार त्या कागदात आहे, हे सही न येणाऱ्या माणसालाही नीट कळलं होतं.

त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' झाला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात दोन गोष्टी अशा होत्या की आजही वाचताना थांबायला होतं. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकायचं नाही. आणि जी जमीन त्या कर्जासाठी खास गहाण लिहून दिलेली नाही, ती जप्त करून विकायची नाही. जाबता पुन्हा जप्तीच्या शेजारी येऊन बसला, पण कागदांची होळी झाल्यानंतर.

पुढे १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आली, ती दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. तिचं कलम ६० काढून बघा. कायद्याच्या रुक्ष भाषेत एक अख्खा संसार मांडून ठेवलाय. जप्त करता येणार नाही अशा गोष्टी: ऋणको, त्याची बायको आणि मुलं यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, बिछाने. धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, पोट भरण्यापुरती गुरं आणि बियाणं. शेतकरी, मजूर आणि घरगडी यांचं राहतं घर. हिशेबाच्या वह्या. मजुराची मजुरी. प्रॉव्हिडंट फंड. नंतरच्या दुरुस्तीने आयुर्विम्याचे पैसेही.

आता आमच्या घरातला एक कागद. पणजोबा सातारा जिल्ह्यात शेती करायचे. कुणाला तरी जामीन राहिले, ज्याच्यासाठी राहिले तो परागंदा झाला आणि वसुली पणजोबांच्या दारात आली. साल १९३३. त्या जप्तीच्या यादीची नक्कल आजीच्या ट्रंकेत होती, ती आता माझ्याकडे आहे. मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरात लिहिलंय: तांब्याचा मोठा हंडा एक, पितळी समया दोन, भिंतीवरचं घड्याळ एक, लाकडी पेटी कुलपासह एक, सतरंजी मोठी एक, कंदील दोन. खाली पंचांचे दोन अंगठे.

आजी सांगायची की बेलीफ देवमाणूस होता, त्याने चुलीकडे बघितलंसुद्धा नाही. असेलही देवमाणूस. पण कलम ६० शेजारी ठेवून ती यादी वाचली आणि तिच्यात काय नाही ते दिसायला लागलं. तवा नाही. परात नाही. बैल नाहीत, नांगर नाही, पाभर नाही. पेरणीचं बी नाही. पणजीचं मंगळसूत्र नाही. कुणाच्या चांगुलपणावर हे सगळं अवलंबून राहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा बेलीफ आला असता आणि चित्र निराळं झालं असतं. त्या वर्षी पाऊस झाल्यावर पणजोबांनी पेरणी केली, म्हणून आजोबांची शाळा सुटली नाही. आणि म्हणून मी आज हे टाइप करत बसलोय. आमच्या घरात मात्र त्या दिवसाची आठवण फक्त लाज म्हणून जपली गेली. 'ते लोक आले होते तेव्हा', एवढंच. जप्ती हा शब्द आजीने कधी उच्चारला नाही.

संहितेतलं कलम ६२ पण असंच आहे. जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरायचं नाही. बाहेरचं दार फोडायचं नाही. घर ऋणकोच्याच ताब्यात असेल आणि तो आत येऊ देत नसेल, तरच फोडता येतं. आत चालीरीतीप्रमाणे परपुरुषासमोर न येणारी बाई असेल तर तिला आधी कळवायचं आणि बाहेर पडायला पुरेसा वेळ द्यायचा. दाराच्या या नियमामागे इंग्लंडमधला १६०४ चा सेमेन खटला आहे. माणसाचं घर हा त्याचा किल्ला, हे तत्त्व त्यातून रूढ झालं. जमीन किंवा घर जप्त करताना जागेवर दवंडी पिटायची ही तरतूद तर आजही नियमांत तशीच आहे. दवंडीत बेअब्रू आहे हे खरं, पण गुपचूप काही करता येणार नाही हेही त्यातच आलं.

अर्थात सरकार स्वतःच वसुलीला उभं राहिलं की जाबता पातळ होतो. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात पीक बुडालेल्या शेतकऱ्यांकडून सारा वसूल करायला गुरंढोरं आणि उभी पिकं जप्त होऊ लागली. तेव्हा एका शेतातला कांदा चुकीने जप्त झालाय असं गांधीजींचं मत होतं. त्यांच्या सल्ल्याने मोहनलाल पंड्यांनी सोबत्यांसह तो काढून नेला आणि तुरुंगात गेले. लोकांनी त्यांना कौतुकाने 'कांदाचोर' ही पदवी दिली! १९२८ मध्ये बारडोलीत वाढीव साऱ्याविरुद्ध लढा झाला. जप्ती अधिकारी म्हशी उचलून नेत, म्हणून लोकांनी महिनोन्‌महिने दारं लावून घेतली आणि माणसं व म्हशी एकाच छपराखाली कोंडून राहिली. शेवटी चौकशी झाली. सरकारने सुमारे २२ टक्के वाढ मागितली होती, चौकशीत ६ टक्क्यांच्या आसपासच वाढ योग्य ठरली. म्हणजे हिशेबच चुकीचा होता आणि त्या हिशेबावर म्हशी नेल्या जात होत्या.

काटा उलटाही फिरतो. आपल्या महाराष्ट्रात भूसंपादनाची वाढीव भरपाई दिली नाही म्हणून कोर्टाचा बेलीफ सरकारी कचेरीतल्या खुर्च्या आणि कॉम्प्युटर उचलायला गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. वाचताना हसू येतं. पण शेतकऱ्याच्या अर्जावर साहेबाची खुर्ची जप्त होऊ शकते ही साधी गोष्ट नाही. जाबता दोन्ही बाजूंना लागू असला की असं होतं.

आजचं चित्र थोडं वेगळं आहे. २००२ मध्ये दोन कायदे झाले. एक सरफेसी, ज्यात बँकेला गहाण मालमत्तेचा ताबा घ्यायला आधी दिवाणी कोर्टात दावा लावावा लागत नाही. दुसरा पीएमएलए, काळ्या पैशाविरुद्धचा, ज्यात खटल्याचा निकाल लागायच्या आधीच १८० दिवसांपर्यंत तात्पुरती जप्ती करता येते आणि निर्णय प्राधिकरणाने शिक्कामोर्तब केलं तर ती पुढेही चालू राहते. मोठ्या बुडव्यांना आणि लुटारूंना चाप लावायचा तर वेग हवा, हे मलाही पटतं. पण पूर्वी आधी कोर्ट आणि मग जप्ती असा क्रम होता. आता बऱ्याचदा आधी जप्ती आणि मग ज्याचं गेलं त्याने दाद मागत फिरायचं. हा क्रम बदलला की ओझं कुणाच्या खांद्यावर जातं ते सांगायला नको.

आणि जुनी यादीसुद्धा नुसती असून भागत नाही, ती काळाबरोबर चालावी लागते. कलम ६० मध्ये पगाराचंही संरक्षण आहे. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर. हजार रुपये! ज्या काळी हा आकडा घातला तेव्हा त्यात काहीतरी येत असेल. आज त्यात एका कुटुंबाचा किराणा आठवडाभर चालणार नाही. कारागिराची हत्यारं सुरक्षित आहेत, पण आजच्या कारागिराचं हत्यार कुठलं? रिक्षा? शिलाई मशीन? लॅपटॉप? डिलिव्हरी करणाऱ्या पोराचा मोबाइल? त्याचा मोबाइल गेला तर दुसऱ्या दिवशी त्याला काम नाही. जात्याच्या वरच्या तळीचीच ही नवी गोष्ट.

असो. नातेवाइकाला शेवटी जे सांगितलं ते इथेही लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल. मी वकील नाही, वकील गाठाच. पण नोटीस आली म्हणजे उद्या सकाळी टेम्पो येणार असं नाही. सरफेसीत आधी ६० दिवसांची मागणी नोटीस असते, तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला त्या हरकतीचं उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत जाता येतं. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. गहाण टाकलेला फ्लॅट जाऊ शकतो, ते खोटं बोलून उपयोग नाही. पण आईची भांडी गहाण नाहीत आणि ती बँकेची होत नाहीत. नोटिशीचा लिफाफा न फोडता देवघरात ठेवून देणे हा मात्र आपल्याकडचा सर्वात महागडा उपाय आहे. तो करू नका.

हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे काही नियम आहेत तर." आहेत. ते कुणीतरी रोखे जाळून, कांदे उपटून, म्हशींबरोबर कोंडून घेऊन मिळवलेत किंवा टिकवलेत. निदान ते आहेत एवढं तरी माहीत असावं.

तुमच्याकडे जुन्या ट्रंकेत अशी एखादी यादी असेल तर फेकू नका. आणि वाचाल तेव्हा तिच्यात काय नाही तेही बघा.